गोदाअक्काने उठवलेला देव

काल तुझा दहावा झाला, अक्का. तिथे मी काय केलं, हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. पण सरळ मुद्द्यावर आले तर ती मी कसली? तूच म्हणायचीस, "हाई मॅट्रिकले गावमा धाडं, ते हाई पहिले बठ्ठं शिवार फिरी येस." तर फिरू दे थोडं शिवार. तुला आता कुठे घाई आहे?

घाई मला होती. चौदा वर्षं एक वाक्य तोंडात धरून बसले होते, आणि ते बाहेर काढायचं ठरवलं त्याच आठवड्यात तू उठून गेलीस. निदान रविवारपर्यंत थांबायचंस, मी येणारच होते. दर वर्षी असंच म्हणायचे, तेही खरं.

तेव्हाची मी तुला आठवत असेन. मलाही आठवते, आणि तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते. सावद्याच्या केळीच्या बागेतली, मॅट्रिक पास, नवरा वीजघरात ऑपरेटर. वसाहतीत आले ती अशी, की सरकारने धरण माझ्याच स्वागतासाठी बांधलंय. पोरी शाळेत जायला लागल्या तशी हट्टाने तुझ्या टोळीत कामाला आले. पहिल्या दिवशी काय नेसले होते? निळं नायलॉनचं पातळ. केसात गजरा. तू वीजघराच्या लोखंडी नळ्याच्या मॅनहोलपाशी उकिडवी बसून तारेचे ब्रश तपासत होतीस. मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि बायकांना विचारलंस, "आठे कोनं लगीन शे वं?"

दुपारी त्या भोकातून बाहेर आले ती गजऱ्यासकट तांबडी. गंज नाकात, कानात, दातांच्या फटींत. भोकाड पसरलं होतं मी. बाकीच्या हसत होत्या, तू हसली नाहीस. पदराने माझे डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "उद्या जुनं लुगडं घाल, मॅट्रिक." तेव्हापासून मी मॅट्रिक. माझं कुसुम हे नाव तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

माझ्या नाती विचारतात, आजी तू धरणावर काय करायचीस? मी सांगते, धरणाचे दात घासायचे. त्यांना ते फार आवडतं. मग समजावून सांगते की धरणापासून खाली वीजघरापर्यंत एक लोखंडी नळा होता, माणूस ताठ उभा राहील एवढा. त्यातून पाणी यायचं, वीजघरातलं चक्र फिरवायचं आणि पुढे कालव्यात जायचं. पण पावसाळ्यात सातपुड्यावरून पाणी एकटं उतरत नाही, वाळू घेऊन उतरतं. ती वाळू चक्राची पाती कुरतडते, नळ्याचं पोट घासून काढते. रंग गेला की तिथे गंज धरतो. म्हणून दसऱ्यानंतर नळा रिकामा करायचा. वेल्डर पात्यांवरचे खड्डे भरायचे आणि आम्ही बायका नळ्यात शिरून गंज खरवडायचो, लाल प्राइमर द्यायचो, वर डांबरी रंग. हे सगळं रब्बीचं पाणी सुटायच्या आत.

आणि तुझा कान. तो नातींना कसा समजावू? तू टोकाच्या हातोडीने पत्रा ठोकत नळ्यातून चालायचीस आणि मध्येच थांबून खडूने फुली मारायचीस. तिथे साहेबांनी पत्रा तासून पाहिला की तो हमखास झिजलेला निघायचा. मी तुला विचारलं होतं, कसं कळतं गं? तू म्हणालीस, "चांगलं लोखंड जबाब देस. झिजेल लोखंड नुसतं हं म्हनस." मी मनात म्हटलं, अडाणी बाई. अगदी असंच म्हटलं, अक्का. आज सांगायचं तर सगळंच सांगते.

आता वळणोबा.

नळा धरणातून निघून खाली उतरतो तिथे एक वळण होतं आणि त्याच्या बरोबर खाली, तीस-चाळीस पावलांवर, वीजघराचं दार. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, थेट पत्र्यावर, तो देव होता. शेंदराचा गोळा आणि कवड्यांचे दोन डोळे. तो कुणी बसवला हे कुणालाच माहीत नव्हतं. स्वयंभू आहे म्हणायचे. खंडेनवमीला हातोड्या, पाने, वेल्डिंगचं यंत्र, सगळ्यांची पूजा झाली की वळणोबाला तेलात कालवलेला शेंदूर चढायचा आणि त्याच्या माथ्यावर नारळ फोडायचा. वर्षाला एक थर. मी आले तेव्हा त्याचं पोट चांगलं वीतभर पुढे आलं होतं. बाकी नळा बाहेरूनही खरवडून रंगवला जायचा, पण वळणोबाच्या अंगाला ब्रश कोण लावणार? आम्ही त्याला वळसा घालून रंग द्यायचो. मी तर दर शुक्रवारी फुलं वाहायची, यांची पाळी नीट जावी म्हणून.

त्या वर्षी पूर मोठा होता. वाळूने चक्राची पाती चाळणीसारखी केली होती. नळ्याचीही काळजी वाटून वरच्यांनी बाहेरून एक मोजणीचे साहेब बोलावले. त्यांच्याकडे पत्र्याची जाडी सांगणारं यंत्र होतं. आणि नेमकी तू शिरपूरला, भाऊ आजारी म्हणून गेलेली. जाताना टोळी माझ्यावर सोपवून गेलीस. काय तोरा होता माझा! साहेब खडूने खूण करायचे, आम्ही तेवढाच रंग खरवडायचो, ते तिथे ग्रीस लावून यंत्राचं बोंडूक टेकवायचे आणि मिलिमीटरचा आकडा सांगायचे. मी लिहायची. नळ्याच्या प्रत्येक कड्याला चार जागा, चार आकडे. माझी वही म्हणजे रांगोळी होती नुसती.

वळणाशी आलो आणि साहेब थबकले. "हे काय आहे?"

आपल्या टोळीतली केशरबाई म्हणाली, "देव आहे, साहेब."

"इथेच मोजायला हवं. वाळू वळणावर बाहेरच्या अंगालाच जास्त घासते. काढा हा थर."

कुणी हललं नाही. त्यांनी शेंदरावरच बोंडूक टेकवून पाहिलं. यंत्र गप्प. शेवटी घड्याळ पाहून म्हणाले, "बाई, ही जागा वहीत मोकळी ठेवा. उद्या खरवडून ठेवा, मी कालव्याकडचं आटोपून येताना आकडा घेतो."

उद्या ते आलेच नाहीत. तिकडूनच परस्पर गेले आणि वही तेवढी मागवली. आणि माझ्या त्या रांगोळीत एक घर रिकामं. मी देवाला खरवडणार नव्हते, बाकीच्या बायकांना सांगण्याची माझी छाती नव्हती, आणि "गोदाअक्का नसताना टोळीने काम अर्धवट ठेवलं" असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. त्या कड्याच्या बाकी तीन जागांना नऊ, नऊ, नऊ. मी चौथं नऊ लिहिलं. वही मिटताना किती छान भरलीय, असं वाटलं.

तू शुक्रवारी परतलीस. आल्या आल्या हातोडी घेऊन नळ्यात शिरलीस, मी मागे बॅटरी धरून. ठण, ठण, ठण. वळणाशी बद्द. तू पुन्हा ठोकलंस. बद्द.

"ऐकं का?"

"अक्का, बाहेरून शेंदराचा थर आहे ना, त्याने आवाज दबतो," मी म्हटलं. वाईट हे, की माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"दबेल आवाज निराळा, मरेल आवाज निराळा."

"यंत्राने मोजलंय."

तू बॅटरीच्या उजेडात माझ्याकडे बघितलंस. तिथून थेट आपल्या धरणाच्या साहेबांच्या हापिसात गेलीस आणि मी तुझ्यामागे, कारण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. व्हरांड्यात पाण्यासाठी आलेले शेतकरी बसले होते. गहू पेरून झाला होता. सोमवारी सकाळी पाणी सोडायचं ठरलं होतं आणि आपले तरुण साहेब त्यांना तेच सांगत होते.

तू म्हणालीस, "साहेब, सोमवारे पानी सोडू नका. वळन कच्चं शे."

साहेब वैतागले, पण वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी कपाटातून मोजणीची नक्कल काढली, बोट फिरवलं. "अक्का, इथे नऊ आहे. चारही बाजूंना नऊ. तुमच्या कानावर मी आवर्तन थांबवू?"

शेतकऱ्यांतलं कुणीतरी हसलं. तू वळलीस आणि सगळ्यांदेखत मला विचारलंस, "मॅट्रिक, तू तठे व्हती. तेनी देवनी जागा मोजी का?"

व्हरांड्यात बारा-पंधरा माणसं. सगळे माझ्याकडे बघतायत. दारात हे पाळी संपवून उभे, बायको साहेबांसमोर काय बोलते ते ऐकत.

मी म्हटलं, "मोजली."

एवढंच. त्यानंतर तू मला तो प्रश्न कधी विचारला नाहीस. विचारला असतास तर बरं झालं असतं, असं म्हणायची सोय आहे, पण मी पुन्हा "मोजली"च म्हटलं असतं. ती बाई मी ओळखून आहे.

शनिवार उजाडला आणि मला कळलं की मी काय केलंय. सोमवारी पहिली पाळी यांची होती. वीजघराच्या दाराशी यांची खुर्ची, आणि दाराच्या वर ते वळण. तुझा कान चुकला असेल, असं मी भाकरी थापताना म्हणायची, आणि तव्यावर ती उलथताना आठवायचं की तुझा कान कधी चुकला नव्हता. यांना म्हटलं, "सोमवारची पाळी बदलून घ्या ना."

"का?"

"माझी दाढ दुखतेय."

"दाढ तुझी, आणि रजा मी काढू?" असे हसले! मीही हसले, अक्का. दाढ धरून. त्यांनी पाळी बदलली असती तर त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाचा नवरा बसला असता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. आलं होतं. चांगलं आलं होतं.

रविवारी दुपारी शेवटचं काम म्हणून मी एकटीच नळ्यात होते. वळणापाशी डांबरी रंगाचे राहिलेले ठिपके भरत होते. त्या वासाने डोकं जड झालेलं. साहेबांकडे जायचं का, आत्ता जायचं का, हा एक हात मारून जायचं का, असं चाललं होतं. तेवढ्यात बाहेरून बायकांचा गलका ऐकू आला. नळ्याच्या आत बाहेरचा आवाज विहिरीत बोलल्यासारखा येतो. केशरबाई किंचाळत होती, "अक्का, नको! अक्का, हात जोडते!" आणि मग तुझा आवाज, अगदी माझ्या कानाशी, मध्ये फक्त पत्रा:

"कोना बापना देव शे हाऊ? मीच बसाडेल, मीच उठाडसू!"

पहिला घाव बसला आणि मी हातातला ब्रश टाकला. दुसरा, तिसरा. माझ्या तोंडासमोरचा पत्रा थरथरत होता. ओल्या रंगावर बारीक सुरकुत्या आल्या. काहीतरी जड, मोठं, बाहेर खाली पडलं. मग टोकाच्या हातोडीचा एक हलका ठोका, जसा तू रोज मारायचीस, तसाच.

आणि अंधारात माझ्यासमोर उजेडाचा एक ठिपका पडला. हरभऱ्याएवढा. त्यातून उन्हाची काडी आत आली आणि माझ्या छातीवर टेकली.

मी बाहेर कशी आले ते आठवत नाही. तू शिडीवर होतीस. खाली वळणोबा एकाच तुकड्यात उताणा पडला होता, कवड्या आभाळाकडे. आतून तो पोकळ होता, आणि पत्र्यावर त्याच्या आकाराची काळी, ओली खपली. आतल्या अंगाने वाळूने खाल्लं होतं आणि बाहेरून आम्ही दर वर्षी पाजलेलं नारळाचं पाणी त्या थराखाली मुरत बसलं होतं. तू शिडीवरूनच बायकांना सांगत होतीस की नळा जोडताना ह्या वळणाचा सांधा तीन दिवस जुळत नव्हता. जुळला तेव्हा सगळे दमलेले, आणि त्यांना हसवायला तूच प्राइमरचा एक गोळा थापून त्यात दोन कवड्या बसवल्यास. "थट्टा व्हती वं ती. थट्टाले तुम्ही नारळ फोडा!" कुणी ऐकत नव्हतं. बायका कानावर हात ठेवून रडत होत्या.

साहेब धावत आले. त्यांनी भोकात बोट घातलं, भोवतीचा पत्रा अंगठ्याने दाबला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. खाली वीजघराच्या दाराकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. सोमवारचं पाणी रद्द. तेवढा पत्रा कापून काढला तेव्हा मधोमध तो पापडासारखा होता. नवा पत्रा वेल्ड केला, सांध्याला एका अंगाने खडूचं पाणी लावलं, दुसऱ्या अंगाने रॉकेल, आणि खडूवर कुठे रॉकेलचा डाग फुटतो का ते तू नाक लावून बघत बसलीस. आठवडाभर उशिराने पाणी सुटलं. यांची पाळी नीट गेली. हे जेवायला घरी आले. मी त्यांना वाढलं.

तू त्या दिवशी माझ्या पोरींचा बाप वाचवलास. आणि मी काय केलं? गप्प बसले. साहेब म्हणाले, यंत्राची चूक असेल. पण वसाहतीला यंत्राशी काय देणं? वसाहत वहीवर गेली. वहीत नऊ होतं ना? चारही बाजूंना नऊ? मग पत्रा धड होता. देवाने धरून ठेवला होता. हिने देव फोडला आणि देवाने हात सोडला, म्हणून भोक पडलं. असा हिशेब. त्या हिशेबातला एकमेव पुरावा म्हणजे मी लिहिलेला आकडा, अक्का. मी तोंड उघडलं असतं तर सगळा हिशेब तिथेच कोसळला असता.

आणि मग पौषात दगडूनाना गेले. तुझ्या नवऱ्याची छाती दहा वर्षं पोखरलेली होती, खोकल्याचा आवाज कॉलनीच्या टोकापर्यंत यायचा. हे सगळ्यांना ठाऊक. तरी लोक म्हणाले, झालं, वळणोबाने घेतलं. हे मला म्हणाले, "तिच्या दारी जाऊ नकोस. देव फोडलाय तिने." हे म्हणाले! ज्यांची खुर्ची त्या वळणाखाली होती, ते. आणि मी गेले नाही. नानांना बाहेर काढलं तेव्हा मी खिडकीच्या आत उभी होते. तुझ्या दाराशी चार बायकासुद्धा नव्हत्या.

होळीआधी तू लेकीला, शांताला घेऊन वसाहत सोडलीस. पुढे तिचं लग्न बोदवडकडे झालं आणि तू लेकीकडे राहिलीस. तीही वसाहतीचंच मानत होती. तू मला सांगितलं नाहीस कधी, पण एकदा मी तुझ्याकडे आलेली असताना स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "मायच्या हातोडीने माझा बाप नेला." मोठ्याने म्हणाली, मला ऐकू जावं म्हणून. तू पान लावत होतीस. चुना थोडा जास्त लागला, एवढंच.

मी येत राहिले, वर्षातून दोनदा, सावद्याच्या केळीची फणी पिशवीत घालून. बोलायचं ठरवून यायची आणि केळी देऊन परत जायची. एकदा आपण बाजारात तवा घ्यायला गेलो होतो. तू दुकानातला प्रत्येक तवा कानाशी धरून टिचकी मारत होतीस, आणि मारवाडी शेठ हात जोडून म्हणाला, "अक्का, तवा लेना है के तबला?" आपण दोघी पायरीवर बसून हसलो. हसता हसता मी म्हटलं, "पण अक्का, दबलेला आणि मेलेला आवाज खरंच वेगळा असतो?" तू म्हणालीस, "असस." मी म्हटलं, "मला नाही पटत." तू म्हणालीस, "तुले पटी, मॅट्रिक. येळ लागी." आणि उठून तवा घेतलास.

त्या वेळी तुला माहीत होतं का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय. माहीत असून तू माझी केळी खात होतीस, की माहीत नसताना? दोन्हींत मला तोंड लपवायला जागा नाही.

तू गेल्याचा फोन एसटीडी बूथवर आला. काल हे आणि मी दोघं आलो. पुरुष बाहेर ओट्यावर, आम्ही बायका आत. केशरबाईही आली होती, आता काठी टेकत. तिने डोळे पुसले आणि प्रेमानेच म्हणाली, "बिचारी. चांगली होती. एक तेवढं देवाचं पाप तिला सुटलं नाही." शांताने मान हलवली.

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं, "देवाचं काही पाप नव्हतं. ती जागा मोजलीच नव्हती. आकडा मी लिहिला."

मग सगळं सांगितलं. यंत्र गप्प बसलं ते, वहीतलं रिकामं घर, व्हरांडा, "मोजली". दाढसुद्धा. सांगताना आवाज चढत गेला माझा, बाहेरची बोलणी थांबली तरी मला कळलं नाही.

केशरबाईने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "वळणोबाच्या हनुवटीखालून तांबडं पाणी यायचं. दोन वर्षं. देवाला घाम येतो म्हणून आम्ही ते कपाळाला लावायचो. गोदाअक्काला सांगितलं नाही, ती हसली असती." आणि तिने कपाळावरून असा हात फिरवला, जसं काही ते अजून तिथे लागलेलं आहे.

शांता रडली नाही. मला म्हणाली, "चौदा वर्षं मी मायले बोलत राहिले."

"हो," मी म्हटलं.

"तिने तुमचं नाव कधी घेतलं नाही."

"चांगलं म्हणून, की वाईट म्हणून?"

"घेतलंच नाही, मावशी." आणि ती चुलीकडे गेली. चहा माझ्यापुढे आला, पण तिने आणला नाही. तिच्या जाऊबाईच्या हाती पाठवला.

हे स्टँडपर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालले. त्यांनी ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. भुसावळची एसटी लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा मागून विचारलं, "त्या सोमवारी पहिली पाळी माझीच होती ना?"

"तुमचीच."

"आणि खुर्ची दाराशीच."

"दाराशीच."

त्यांनी टोपी काढली, हातात चुरगळली आणि आल्या वाटेने चालू लागले. मी एसटी सोडून मागे पळाले. गुडघे दुखतात हल्ली, पण पळाले. मी पोचेपर्यंत हे तुझ्या ओट्यावर चढले होते. शांता भांडी घासायला बाहेर येऊन बसली होती, हात राखेने भरलेले. हे खाली वाकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि ती आमच्या थोरलीएवढी.

एखादीने घाईने पाय ओढून घेतले असते, अक्का. "अहो काका, हे काय," म्हणाली असती. शांताने पाय मागे घेतले नाहीत. भांडं खाली ठेवलं आणि त्यांचं होईपर्यंत तशीच बसून राहिली.